उत्तरं शेवटच्या पानावर

बायबलची ओळख करून देणारी तीन पुस्तकं चाळून चर्चचे पाळक भास्करराव यांनी सगळ्यात सोपं निवडलं होतं. त्यात प्रत्येक धड्याखाली प्रश्न होते आणि शेवटच्या पानांवर उत्तरं. जामखेडकडच्या ज्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत ते शिकवायला जात, तिला तेवढं पुरे, असा त्यांचा हिशोब.

पाण्याचं एवढं दुर्भिक्ष, तरी वस्तीतली राहीबाई दर रविवारी त्यांच्यापुढे भरलेला तांब्या ठेवायची. “तहान नाही,” म्हणत ते तो बाजूला सारायचे. घरून आणलेली पाण्याची छागल बाहेर सायकलीला लटकत असायची. वस्ती मागे पडली की ते घटाघटा प्यायचे.

आजचा धडा विहिरीवरचा होता. ज्या शोमरोनी लोकांच्या हातचं यहुदी पाणीही घेत नसत, त्यांच्यातल्याच एका बाईकडे येशूने प्यायला पाणी मागितलं.

“मंग येशूनं पानी पिलं का, पाळकसाहेब?” राहीबाईने विचारलं.

पाळकांनी शेवटची पानं उलटली, पुन्हा उलटली. उत्तर सापडेना, आणि मान वर करायची हिंमत होईना. समोर तांब्या होता.

“ऱ्हाऊ द्या साहेब,” राहीबाई त्यांची समजूत काढत म्हणाली. “त्यानं मागितलं तरी हुतं. आमाला तेवढं लई झालं.”