एक गुडघा जमिनीला

सायकलवाल्याने पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवली, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सकाळपासून हेच चाललं होतं. काल अंतिम सामन्यात लाडक्या गोलकीपरच्या दोन पायांमधून चेंडू गेला आणि हातातोंडाशी आलेला चषक गेला. मग सगळ्या गावाबरोबर हाही त्याच्या पानावर जाऊन तोंडसुख घेऊन आला होता. ‘पोरीसारखं काय खेळतोस? हातात बांगड्या भर.’ शेकडो लोकांना ते आवडलं होतं. स्वारी खुशीत होती.

आता मात्र खाली खुद्द गोलकीपरचं उत्तर होतं.

‘काका, चुकलं माझं. तुमच्या खात्यावरच्या फोटोत हातमोजे घातलेली मुलगी आहे, ती गोल राखते का? तिला सांगा, चेंडू सरपटत आला की एक गुडघा जमिनीला टेकवायचा. काल मी तेवढंच विसरलो.’

त्याने पुन्हा वाचलं. ट्यूबमधून बुडबुडे येत राहिले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपलं लिहिलेलं पुसावं, तर त्याच्यासोबत उत्तरही जाणार. आणि लेक तर वर्षभर देव पाण्यात घालून बसलेली. प्रत्येक सामन्यानंतर बापाच्या फोनवरून ती गोलकीपरला चार ओळी लिहायची. उत्तर कधी आलं नव्हतं.

“बाबा, फोन दे.” दप्तराला हातमोजे लटकवून ती दारात उभी होती. “सगळे त्याला वाट्टेल ते बोलतायत. मला लिहायचंय.”

“काय लिहिणार?”

“की माझ्याही पायातून जातो कधीकधी.”

त्याने फोन पुढे केला, पण हातातून सोडला नाही. ग्रीसने काळा झालेला अंगठा आपल्या ओळीवर दाबला आणि उत्तर तेवढं तिला दाखवलं.

तिने सावकाश वाचलं. मग तिथेच, टायरांच्या मधल्या जागेत, एक गुडघा फरशीला टेकवून पाहिला. उठली तेव्हा तिचा चेहरा इतका फुलला होता की त्याला तो बघवेना.

“काका म्हणतोय तुला,” ती म्हणाली. “अंगठा काढ ना, बाबा. एवढं काय छान लिहिलं होतंस?”