डाव्या खांद्याची बंदूक

रणगाडा चर्चसमोर गुरगुरत उभा होता. युद्ध संपलं होतं, कारिंथियाच्या डोंगरात इंग्रज आले होते, आणि त्यांचा हुकूम होता : गावातली झाडून सगळी हत्यारं चौकात आणून टाका. ती रणगाड्याखाली चिरडायची होती.

गुरांचे डॉक्टर एगोन मोरित्श गवताची गाडी घेऊन आले. गाडीत त्यांनी उभ्या आयुष्यात जमवलेल्या शिकारी बंदुका होत्या. फेर्लाखच्या, प्रागच्या, लिएजच्या. कुणावर पळती हरणं कोरलेली, कुणाचा अक्रोडी दस्ता मधासारखा. पूर्वी रविवारी लोक त्या बघायला यायचे, तेव्हा हात पुसल्याशिवाय डॉक्टर कुणाला शिवू देत नसत. आज ते त्या सरपणासारख्या उतरवत होते.

"काय डॉक्टर, सगळ्या पोरी एकाच मांडवात उजवताय?" लोहार ओरडला.

डॉक्टरांना राग आला नाही. मार्चमध्ये एक पत्र आलं होतं, तेव्हापासून त्यांना कशाचं काही वाटतच नव्हतं. घर सांभाळणारी बुर्गी पुढ्यात ठेवील ते खायचे, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढायचे, हात धुवायचे, झोपायचे. बंदुकांचा घोर लागलाय म्हातार्‍याला, असं गाव म्हणत होतं.

इंग्रज कप्तान ढिगाभोवती फिरत होता. वाकून त्याने एक हलकी एकनळी उचलली. बिजागरीपाशी उघडून नळीतून आभाळ पाहिलं. उजव्या खांद्याला लावायला गेला, थांबला, आणि डाव्याला लावली.

"ही चिरडणं पाप आहे," तो तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "मी घरी नेली तर चालेल?"

"तुम्हाला बसायची नाही ती. दस्ता डाव्या बाजूला वळवून घेतलाय. माझा मुलगा डावरा आहे."

गाडीपाशी उभ्या असलेल्या बुर्गीने तोंड फिरवलं.

"आलं लक्षात. म्हणूनच विचारतोय," कप्तान म्हणाला. "माझा भाऊ डावरा होता."

"आहे," डॉक्टरांनी दुरुस्त केलं. परक्याच्या तोंडी आपली भाषा चुकली की त्यांना राहवत नसे. "'होता' नाही म्हणायचं. 'डावरा आहे' म्हणायचं."

कप्तानाने बंदूक खाली घेतली.

"तेवढं जर्मन येतं मला, डॉक्टर. होता."

मागे कुणीतरी हाक दिली. रणगाडा हलला, ढिगावर चढला. लाकूड कडाकडा मोडू लागलं. डॉक्टरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते कप्तानाच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरसवदा, जेमतेम पंचविशीतलं तोंड.

"घेऊन जा," ते म्हणाले. मग त्यांनी गाडीचं चाक घट्ट धरलं.

"माझाही," ते म्हणाले. "माझा किलियानही डावरा होता."