वळणावरची शिकवणी

गाडी शिकवणारे मास्तर पार मेटाकुटीला आले होते. वळण आलं की ताईंची गाडी गचका खाऊन बंद पडायचीच.

"अहो ताई, घरी ताट हातात धरून स्टिअरिंगचा सराव करता म्हणे! मेहनतीत काही कमी नाही. पण स्वतःवर विश्वास नको का जरा?"

"मास्तर, एक सांगू का..."

"आधी गाडी सुरू करा!"

पुढच्या वळणावर पुन्हा गचका. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "बास! मी उतरतो. एकट्या मारा मैदानाला चक्कर, नाहीतर सोडा नाद!"

ताई एकट्या निघाल्या. मास्तर कडेला जीव मुठीत धरून उभे. पहिलं वळण, दुसरं, तिसरं... गाडी कुठेही अडली नाही. ताईंनी ती अलगद आणून मास्तरांच्या पुढ्यात उभी केली.

"मग इतके दिवस काय धाड भरली होती?" मास्तर खेकसले.

ताईंनी खिडकीतून खाली पाहिलं. मास्तरांच्या उजव्या बुटाने मातीत चांगला खड्डा पाडला होता.

"तेच तर रोज सांगायला जात होते, मास्तर. वळण दिसलं की तुमच्या बाजूच्या ब्रेकवर हा पाय असाच पडतो."