मीठ मिळालं नाही

“ह्या बाईला आता एक पैसाही टिप मिळणार नाही,” मुलगी म्हणाली आणि वडिलांच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. तीन तासांचा प्रवास करून, न कळवता, किराणा यायचा दिवस साधून ती खास ह्याच कामासाठी आली होती.

वडील एकटेच राहायचे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. किराणा फोनवरून मागवायचे. एक बाई दुकानात जाऊन यादीप्रमाणे सामान गोळा करायची आणि घरी आणून द्यायची. बिल मुलीच्या खात्यातून जायचं, आणि टिप किती द्यायची हेही तिच्याच फोनवर विचारलं जायचं. मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिचा नियम सरळ होता. सगळं सामान आलं तर दहा टक्के, एक वस्तू राहिली तर पाच, दोन राहिल्या की भोपळा. गेले दोन महिने भोपळाच चालला होता. दर खेपेला यादीत लाल अक्षरांत तेच ते. मीठ, मिळाले नाही. धुण्याची पावडर, मिळाली नाही.

“दोन दोन महिने दुकानात मीठ नसतं होय? कुणाला शेंड्या लावतेय ही?”

“अगं, चांगली आहे ती,” वडील म्हणाले. “मी देतो ना तिला वरून काहीतरी.”

“म्हणजे तुम्ही वेगळे देता? धन्य आहात बाबा!”

वडील नुसते हसले. लेक अचानक आली म्हणून स्वारी खुशीत होती. स्वतः चहा करून दिला, नातवाच्या परीक्षेची चौकशी केली, जावयाच्या पोटावरून एक टोमणाही मारून झाला. मग “जरा पाठ टेकतो” म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

थोड्या वेळाने बेल वाजली.

“काका, मीठ आजही नाही मिळालं हं!” दार पुरतं उघडायच्या आतच बाहेरून आवाज आला. दारात चाळिशीची बाई, दोन्ही हातांत पिशव्या, धाप लागलेली. काकांच्या जागी भलतंच कुणी दिसल्यावर ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“मी येताना तुमच्या त्या दुकानात जाऊन आले,” मुलगी म्हणाली. वर्गात कॉपी पकडल्यावर लागायचा तोच आवाज लागला होता. “मिठाच्या पुड्यांनी अख्खा कप्पा भरलाय. आता बोला.”

बाई काही वाद घालत बसली नाही. “मुलगी ना तुम्ही त्यांची?” तिने हळूच विचारलं. “काका झोपलेत?” मग चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात आली, पिशव्या खाली ठेवल्या आणि ओट्याखालचं कपाट उघडलं.

मिठाच्या पुड्या. एकीवर एक, नीट रचलेल्या. मुलीने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि अकरावर थांबली. मागे आणखी होत्या. त्यांच्यामागे पावडरीची खोकी, एकही फोडलेलं नाही.

“आधी मी आणून देत होते, मागतील तितकं,” बाई म्हणाली. “एकदा पिशवी जड होती म्हणून आत आणून ठेवली, तेव्हा हे दिसलं. मग ‘मिळालं नाही’ लिहायला लागले.”

“अहो, मग कळवायचं तरी!”

“कुणाला? फोनवरचा निरोप काकांनाच जातो. त्यांना काय लिहू? काका, तुमच्या लक्षात राहत नाही?”

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आणि मी दर वेळी तुमची टिप कापत होते. तुम्हाला दिसत असेल ना ते?”

“न दिसायला काय झालं? टिप न देणाऱ्या घराच्या ऑर्डरला कुणी हात लावत नाही, ताई. ही मी घेते म्हणून काकांचं सामान वर येतं.” एवढ्यात तिचा फोन वाजला. दुसरी ऑर्डर आली होती. बाईने चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेली.

मुलीच्या फोनवर नेहमीचा प्रश्न आला. टिप किती? तिने वीस टक्के दाबले. मग ते खोडलं आणि बिलाएवढा आकडा टाकला. तरी जीव थाऱ्यावर येईना. ती स्वतःचीच समजूत काढत राहिली. वय झालं की विसरतोच माणूस. मीठच तर आहे. गप्पा तर छान मारतात, नातवाचे विषयसुद्धा पाठ आहेत. महिन्यातून एक फेरी मारायची, कपाट बघायचं, झालं. एवढ्यासाठी त्यांना हे घर सोडायला लावायची काही गरज नाही. ह्या विचाराने तिला बरं वाटलं. पिशव्या उघडून ती एकेक वस्तू जागेवर लावायला लागली.

पावलं वाजली. वडील झोपेतून उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, केस विस्कटलेले, चेहरा प्रसन्न.

“आलात का ताई?”

बाई परत आली असं वाटून मुलीने मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

वडील जवळ आले. सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेली नोट काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातांनी मिटली. “राहू द्या, नाही म्हणू नका. फार करता तुम्ही माझं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “एक मात्र करा. माझं हल्ली असं होतं ना, ते माझ्या मुलीला कळू देऊ नका. तिला आधीच फार व्याप आहेत.”

मिटलेली मूठ तिने तशीच धरून ठेवली.

“नाही सांगणार, काका,” ती म्हणाली.