एक्कावन्नावी चूल

योजनेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी पडवीतल्या चुलीत काडी घालून राख चाळवली आणि मग मागची भिंत बघितली.

"राख आहे," ते म्हणाले. "काजळी कुठंय?"

ठाकरवाडीची सगळी माणसं भिंतीकडे बघायला लागली. भिंत कालच सारवल्यासारखी स्वच्छ होती. राख आतल्या घरच्या चुलीतली पाटीभर आणून ओतली होती, शेणी रचल्या होत्या, एक काळी पडलेली तवली वर ठेवली होती. काजळीचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं असतं तरी काजळी काय उसनी मिळते?

भानगड अशी होती. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, निमोण्याचे शेतकरी आणि ठाकरवाडी मिळून डाळ मिल काढत होते. तूर शेतकऱ्यांची, चालवायची ठाकरांनी, मालकी दोघांची. ठाकरांचं भांडवल आदिवासींच्या योजनेतून यायचं होतं, बाकीचं कर्ज शिरूरची एक बँक देणार होती. अट एकच. वाडीतली एक्कावन्न कुटुंबं भागीदार हवीत, आणि एक चूल म्हणजे एक कुटुंब. चुली पन्नासच भरल्या. तेव्हा सोसायटीचे चेअरमन बबनराव वाडीतल्या चांगदेवला म्हणाले, "तुझ्या आईची चूल येगळी दाखव की. आठ दिसाचा तर खेळ हाय."

चांगदेवच्या आईला, ताईबाईला, आग्रह करावा लागला नाही. डाळ, कर्ज, भागीदारी यातलं तिला फारसं काही कळत नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. दिवाळी झाली की चांगदेव आणि त्याची बायको मुक्ता दौंडकडच्या गुऱ्हाळांवर कामाला जात, ते वैशाखात अखितीलाच परत. सहा महिने ताईबाई घरात एकटी. एकटेपणानं ती अगदी रडकुंडीला यायची. मिल झाली की पोरं घरी राहतील, एवढं तिनं पक्कं धरलं होतं. म्हणून ती हसत हसत पडवीत राहायला गेली. मुक्ता अंधार पडल्यावर गरम भाकरी घेऊन यायची. दोघी कुणाला दिसू नयेत अशा बेतानं एका ताटात जेवायच्या आणि चोरट्यांसारख्या खुसुखुसु हसायच्या.

"आजी, खरं सांगा," साहेब वही मिटत म्हणाले. "एकुलता एक लेक तुमचा. तुम्ही वेगळ्या कशाला राहाल? ही चूल कागदापुरती दिसतेय. मागच्या दोन वाड्यांवर हेच बघून आलोय मी."

बबनरावांनी टोपी काढून घाम पुसला. वही तशीच मिटलेली राहिली असती तर मिल गेलीच होती.

ताईबाई पुढं झाली.

"सून खायाला देत न्हाई, सायब. भाकरी मोजून घालती. तिसरी मागितली की म्हंती, हात चालत न्हाईत आन् तोंड बरं चालतं! कोरड्यास संपलं म्हणून सांगती आन् गाडगं फळीवर झाकून ठेवती. आठ दिस झालं, येगळी काढलीया मला. भितीला काजळी धरंल येवढं पीठ कुठलं माज्याकडं?"

एकदाही न अडखळता ती बोलली. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. साहेब मुक्ताकडे वळले.

"खरं आहे का हे?"

मुक्ता दारात उभी होती. सगळी वाडी तिच्याकडे बघत होती. तिनं सासूकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"व्हय," ती म्हणाली.

साहेबांनी वही उघडली आणि एक्कावन्नावं नाव लिहून घेतलं.

साहेबांची जीप गेली, बबनरावांनी पेढे वाटले. दिवेलागणीला ताईबाई आपली वाकळ गुंडाळून घरात आली आणि नेहमीच्या जागी बसली. तिचा जीव अगदी हलका झाला होता. मुक्ता भाकरी थापत होती. मागं न बघताच तिनं विचारलं,

"आत्या, मिलसाठी बोलला, ते कळतंय मला. पर येवढं समदं झटक्यात सुचलं कसं?"

सुचलं नव्हतं, आठवलं होतं. मोजलेल्या भाकऱ्या, फळीवरचं गाडगं, बरं चालणारं तोंड, शब्द न शब्द ताईबाईच्या सासूचा होता. याच घरात, याच जागी तिनं तो ऐकून घेतला होता. पण गेलेल्या माणसाला नाव ठेवू नये म्हणून बारा वर्षं ती मुक्ताला सांगत आली होती, माझी सासू म्हंजी देवमाणूस. आता कुठल्या तोंडानं वेगळं सांगायचं? आणि सांगितलं तरी, साहेबाला इतकं सफाईनं खोटं सांगणाऱ्या बाईचं मुक्तानं खरं का मानावं?

ताईबाई काही बोलली नाही. त्या गप्प राहण्याचा मुक्तानं काढायचा तोच अर्थ काढला, सासूच्या मनात आपल्याबद्दल हेच साठलं होतं. थोड्या वेळानं ताईबाई वाकळ उचलून पडवीत गेली.

मिल झाली आणि चांगली चाललीही. दिवाळीनंतर चांगदेव आणि मुक्ता दौंडकडे गेले नाहीत, पुढंही कधी गेले नाहीत. साहेब वर्षातून एकदा बघायला यायचे, म्हणून ताईबाई पडवीतच राहिली. तिनं तिथंच राहावं असं कुणी म्हटलं नाही आणि घरात ये असंही कुणी म्हटलं नाही. चांगदेव दोन वेळचं ताट आणून ठेवायचा. त्यात भाकऱ्या चार असत, कधी पाच. मुक्ता येत नसे. भिंतीपलीकडून तिचं बोलणं मात्र दिवसभर ऐकू यायचं.

पूर्वी वाट बघितली की अखितीला माणसं परत यायची. आता तर कुणी कुठं गेलंच नव्हतं.