पेशींचे निरोप

“आई गेली. तुला काहीच कसं वाटत नाही रे?” ताईच्या या पत्राला पुस्तकं बांधणाऱ्या धाकट्या भावानं उत्तर दिलंच नव्हतं. खरंच काही वाटत नव्हतं, तर लिहिणार काय? पुढे कागद कापताना पात्यानं मनगटातली स्पर्श कळवणारी नस तुटली आणि बोटंही बधिर झाली.

डॉक्टरीणबाईंनी तुटल्या जागी बारीक जाळी बसवली. “हिच्यात मूळपेशींनी सोडलेल्या इवल्या पिशव्या आहेत. पेशी त्यांतून एकमेकींना निरोप धाडतात. निरोप पोचला की नस जाळीच्या आधारानं वाढते. मग जाळी विरघळून जाते.”

“आणि पलीकडून उत्तरच आलं नाही तर?”

“येतं काका. उशिरा येतं.”

कित्येक महिने बोट टोचलेलं त्याला पानावर रक्ताचा डाग दिसल्यावरच कळायचं. आज मात्र पुस्तक शिवताना दाभण लागला आणि तो कळवळला. मग रडायलाच लागला.

“अहो, एवढंसं तर टोचलंय,” बायको म्हणाली. “लहान मुलासारखं काय रडताय?”

संध्याकाळी त्यानं ताईला कार्ड टाकलं. त्यावर एवढंच होतं: “ताई, आता दुखतंय.”