मागच्या खोलीतला बॉक्स

पुढच्या खोलीतला टीव्ही झकास चालला होता आणि मागच्या खोलीतला ‘नो सिग्नल’ दाखवून हटून बसला होता.

बिभीषणने दोन्हीकडचे केबलचे बॉक्स अदलाबदल करून पाहिले. मागचा बॉक्स पुढे लावला तर तोही गुमान चालला. म्हणजे खोट बॉक्सात नव्हती. एक तर वायरीत होती, नाहीतर एका वायरीच्या दोन वायरी करणाऱ्या स्प्लिटरमध्ये.

“सापडंल, नाना,” तो म्हणाला.

“सापडू दे. आमाला काय घाई न्हाई,” गहिनीनाथ म्हणाले. ते चकलांब्याच्या दूध संस्थेचे सचिव. दुष्काळाने गावातलं दूधच आटलं, तेव्हा संस्थेत बसून तरी काय करणार? खुर्ची ओढून ते त्याचं काम न्याहाळत बसले होते.

घाई बिभीषणलाच होती. दुपारून त्याला बघायला तलवाड्याला त्याच्या घरी पाहुणे येणार होते. याआधीच्या पाहुण्यांनी ‘पोरगा केबलचं काम करतो, आईबाप ऊस तोडायला जातात’ एवढं ऐकून चहा अर्धाच ठेवला होता. हे स्थळ चुलत्याने कुठून तरी खटपट करून आणलेलं. आज कामावर जाऊ नको म्हणून आईने बजावलंही होतं. पण सकाळीच मालकाचा फोन आला. चकलांब्याला एक म्हातारी अंथरुणाला खिळलीय, तिच्या खोलीत टीव्ही लावायचाय, आणि गिऱ्हाईक म्हणतंय बिभीषणलाच पाठवा. आपलं नाव घेतलं म्हटल्यावर हा गडी फुलला आणि गाडीला किक मारून निघाला.

त्याने मागच्या वायरीची पिन उघडली. आतल्या तांब्याच्या तारेला बाहेरच्या जाळीचा केसाएवढा तंतू चिकटला होता. तो कापून नवी पिन बसवली आणि चित्र आलं.

“दिसायलं का, आज्जी?”

“दिसायलं बाबा,” खाटेवरून चतुराबाई म्हणाल्या. त्या गहिनीनाथांच्या आई. वर्षभरापासून त्यांची दुनिया म्हणजे समोरची भिंत. टीव्हीपेक्षा त्या त्याच्याकडेच जास्त बघत होत्या. “लगीन झालं का रं तुजं?”

“न्हाई. आज बघायला यायलेत.”

“मंग करशील बायको, अन् धाडशील आईबापासंगं ऊस तोडायला.”

“न्हाई आज्जी.” तो पक्कड पिशवीत टाकता टाकता थांबला. “मी पाचटाच्या खोपीत वाढलोय. थंडीत आईचे हात फाटून रगत यायचं, तरी पहाटं मोळ्या बांधायची. माज्या बायकोला त्या फडात न्हाई न्हेणार. ह्या सालापासून आईलाबी न्हाई जाऊ देणार.”

चतुराबाई नुसती मान हलवत राहिल्या.

गहिनीनाथांनी हात धुवायला तांब्या पुढे केला. बिभीषण त्यातलं पाणी फक्त प्यायला आणि हात त्याने फडक्याला पुसले. टँकर गावात किती दिवसांनी येतो हे तोही जाणून होता.

तो गाडीपाशी पोचतो न पोचतो तोच हाक आली, “मिस्तरी, गेलं की पुन्ना!”

बॉक्सामागचा नट ढिला झाला होता. आपणच नीट आवळला नसेल, असं मनाशी म्हणत त्याने तो पकडीने घट्ट केला. गाडी वेशीपर्यंत गेली असेल, तर फोन. या वेळी स्प्लिटरमधून वायरच निसटलेली.

“उंदीर असंल,” बिभीषण म्हणाला.

“असंल,” गहिनीनाथ म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन. “कुठं हाईस रं? पाव्हणे यायची येळ झाली.”

त्याने पिशवी उचलली. उद्या येतो म्हटलं असतं तर कोणी अडवलं नसतं.

“जा बाबा तू,” चतुराबाई म्हणाल्या. “मला भिंतीकडं बघायची सवय हाय.”

बिभीषणने पिशवी पुन्हा खाली ठेवली. “आई, तू चहा ठेव, मी येतोच,” असं फोनवर सांगून तो खाली बसला. स्प्लिटर बदलला, सगळ्या पिना नव्याने बसवल्या, वायर भिंतीला खिळे मारून पक्की केली. आज्जीला रिमोट हातात देऊन बटणं शिकवली. सगळं होईस्तोवर उन्हं पार कलली होती.

तो घरी पोचला तेव्हा सारवलेल्या अंगणात शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. पोह्यांच्या ताटल्या झाकून ठेवलेल्या. आई उंबऱ्यावर बसली होती.

“गेले का?” त्याने विचारलं.

“आलेच न्हाईत. पोरीच्या मामाचा फोन आलता. म्हनले, आमी काय आता येत न्हाई.”

बिभीषण पायरीवर मटकन बसला. हेही स्थळ हातचं गेलं. आईच्या तोंडाकडे बघायचं त्याला धाडस होईना. “माजंच चुकलं, आई. सुट्टी घ्याया पायजे व्हती.”

“आरं, पुरं ऐक तरी,” आई म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. “म्हनले, पोरगा सकाळपास्नं आमच्याच घरी व्हता, आमी मायलेकानं बघितला. आता तुमी पोरगी बघाया या.”